स्पिट्झच्या दाढांवर किटण आणि हिरडीला लाल रेघ : भूल देऊन साफ करावं की नुसतं खरवडून घ्यावं?

मानेवाड्याचा_स्पिट्झ

नमस्कार मंडळी. कुत्रा स्पिट्झ, नर, वय ४ वर्षं, वजन ८.२ किलो. नसबंदी झालेली, लसी वेळेवर.

वरच्या जबड्यातल्या मागच्या सगळ्यात मोठ्या दाढेवर दोन्हीकडे तपकिरी थर आहे. उजवीकडे हिरडीलगत पातळ पट्टी, डावीकडे मात्र जवळजवळ अर्धी दाढ झाकली आहे. हिरडीच्या काठाला गडद लाल रेघ दिसते. बोटाला सुती कापड गुंडाळून पुसलं की डाव्या बाजूला रक्ताचा डाग लागतो. तोंडाला वास पाच-सहा महिन्यांपासून. जेवतो पूर्ण, पण रबरी खेळणं फक्त उजव्या बाजूनंच चावून राहिला आहे.

खाणं : सकाळी पोळी-दूध, रात्री चिकन-भात, आठवड्यातून एकदा मटणाचं उकडलेलं हाड. ब्रश आजवर केलेला नाही.

डॉक्टर म्हणतात, पूर्ण भूल देऊन स्केलिंग करावं लागेल. ग्रूमिंगवाले म्हणतात, भूल-बिल काही नको, हातानं वीस मिनिटांत खरवडून देतो. घरच्यांना भुलेची भीती वाटते. नेमका फरक काय पडतो? आणि नंतर घरी काय करायचं, हेही सविस्तर सांगा.

---

दाढ_आणि_सुळे

ग्रूमिंगवाल्यांकडे हे करून घेऊ नका.

तुम्हाला जो तपकिरी थर दिसतो तो आजार नाही, आजाराची खूण आहे. जेवणानंतर काही तासांतच दातावर जंतूंचा चिकट, जवळजवळ न दिसणारा पातळ थर बसतो, तो प्लाक. लाळेतल्या कॅल्शियममुळे दोन-तीन दिवसांत तोच थर कडक होऊन किटण बनतं. कुत्र्याची लाळ माणसाच्या लाळेपेक्षा जास्त अल्कधर्मी असते. म्हणून त्यांच्या दातांना कीड कमी लागते, पण किटण मात्र भराभर चढतं. किटण स्वतः फारसं काही करत नाही. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक आणखी घट्ट बसतो आणि हळूहळू हिरडीच्या काठाखाली शिरतो. खरी नासधूस तिथे होते : आधी हिरडी सुजते, मग दाताला धरून ठेवणारे तंतू सुटतात, शेवटी हाड झिजतं.

हातानं खरवडणारा माणूस जागं कुत्रं धरून फक्त बाहेरची, वरची बाजू साफ करतो. हिरडीच्या खाली जाता येत नाही, कारण तिथे दुखतं आणि कुत्रं मान झटकतं. दाढांच्या जिभेकडच्या बाजूला तर अवजार पोचतच नाही. शिवाय खरवडल्यानं दातावर बारीक ओरखडे उठतात आणि पॉलिश न केल्यामुळे पुढचं किटण आणखी लवकर चढतं. धारदार टोक हिरडीत घुसण्याचा धोका आहेच. पण मला सगळ्यात वाईट वाटतं ते वेगळंच : दात पांढरे दिसले की मालक निर्धास्त होतो आणि खालचं हाड झिजत राहतं. जागतिक लहान प्राणी पशुवैद्यक संघटनेच्या दंतविषयक मार्गदर्शक सूचनाही भूल न देता केलेल्या दातसफाईच्या स्पष्ट विरोधात आहेत.

तुमच्या वर्णनातला महत्त्वाचा धागा म्हणजे डाव्या-उजव्याचा फरक. दोन्हीकडे खाणं तेच असताना एकीकडे किटण दुप्पट चढलं, याचा अर्थ कुत्रा त्या बाजूनं चावायचं टाळतो आहे. चावणं टाळलं की घासणं बंद, म्हणून थर वाढतो. टाळण्याचं कारण बहुतेक वेळा दुखणं असतं : तडकलेली दाढ, उघडा पडलेला मूळभाग किंवा खोल गेलेली हिरडी. तुम्ही सांगता ती दाढ म्हणजे वरची चौथी उपदाढ. तिला तीन मुळं असतात. तिथे पू झाला तर सूज तोंडात न दिसता डोळ्याखाली, गालावर येते आणि लोक डोळ्याचे थेंब टाकत बसतात. आजच डाव्या डोळ्याखाली बोटानं हलकेच दाबून बघा, दोन्ही बाजू सारख्या लागतात का. आणि 'जेवतो ना नीट' यावर जाऊ नका. दाढ मुळातून हलत असली तरी कुत्री जेवतात. भात-चिकन तर न चावताही गिळता येतं.

आता योग्य स्केलिंग म्हणजे काय.

भुलेआधी रक्ततपासणी : पूर्ण रक्तगणना, प्लेटलेट, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन, यकृताचं एएलटी, साखर. हृदय स्टेथोस्कोपनं ऐकणं. प्रौढ कुत्र्याला साधारण रात्रीपासून खाणं बंद, पाणी सकाळपर्यंत. नेमकी वेळ तुमचे डॉक्टर सांगतील. शिरेत सुई, सलाईन चालू. मग श्वासनलिकेत नळी, आणि हे टाळता येत नाही. स्केलरमधून सतत पाणी उडतं, त्यात जंतू आणि किटणाचे तुकडे असतात. नळीला फुगा असतो, तो श्वासनलिका बंद ठेवतो आणि हे पाणी फुप्फुसात जात नाही. नुसतं गुंगीचं इंजेक्शन देऊन, नळी न घालता स्केलिंग करतो असं कोणी म्हणालं तर तिथून निघा. भुलेची भीती वाटते ना? मग नळीशिवायच्या अर्धवट गुंगीची त्याहून जास्त वाटायला हवी.

नंतर अल्ट्रासॉनिक स्केलर. त्याचं टोक एका दातावर १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त ठेवत नाहीत, नाहीतर उष्णतेनं आतली नस मरते. हिरडीखालचा भाग हाताच्या क्युरेटनं, म्हणजे खरवडायच्या बारीक अवजारानं. मग खुणा असलेल्या बारीक सळईनं प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजतात. कुत्र्यात ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, लहान जातींत त्याहूनही कमी. त्यापुढे गेलं की खिसा झाला असं समजतात. मग दाताचा एक्स-रे, कारण दाताचा मोठा भाग हाडाच्या आत असतो आणि डोळ्यांना दिसतो तो वरचा शेंडा. शेवटी पॉलिश आणि पाण्यानं धुणं.

आजाराचे टप्पे चार. पहिल्यात फक्त हिरडी सुजलेली, आधार शाबूत. हा एकच टप्पा पूर्ण बरा होतो. दुसऱ्यात दाताचा आधार २५ टक्क्यांपर्यंत गेलेला, तिसऱ्यात २५ ते ५०, चौथ्यात त्याहून जास्त. तिथे बहुतेक वेळा दात काढणंच भल्याचं. गेलेलं हाड स्केलिंगनं परत येत नाही. म्हणूनच ४ वर्षांच्या वयात करून घेणं ९ व्या वर्षापेक्षा कितीतरी सोपं.

फोनवर डॉक्टरांना चारच प्रश्न विचारा : नळी घालणार का, हिरडीखाली साफ करणार का, पॉलिश करणार का, दाताचा एक्स-रे आहे का. दाताचा एक्स-रे सगळीकडे असेलच असं धरून चालू नका. नसेल तर चावणं टाळल्या जाणाऱ्या या डाव्या दाढेसाठी तो जिथे आहे तिथे जाणं योग्य. नागपुरात सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करा.

---

सिव्हिल_लाइन्स_फेरी

वरच्या उत्तरात प्लेटलेटचा उल्लेख ओघात येऊन गेला, त्यावर थोडं थांबतो. नागपुरात तो आकडा ओघात सोडायचा नाही.

हिरडीतून रक्त येणं म्हणजे दरवेळी दाताचाच आजार नसतो. तपकिरी गोचिडीतून पसरणाऱ्या एर्लिकियात, म्हणजे गोचीडतापात, प्लेटलेट घसरतात आणि हिरडीतून, नाकातून रक्त येतं. फरक असा ओळखा. दाताच्या आजारात लाली हिरडीच्या काठालगत, किटणाशेजारी असते. गोचीडतापात किटण नसलेल्या जागीही हिरडीवर, ओठाच्या आतल्या बाजूला, पोटाच्या उघड्या त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके येतात. दाबले तरी ते फिके पडत नाहीत. सोबत ताप, मरगळ, खाणं कमी. एर्लिकियाचा जुना, दबलेला आजार मात्र वरून काहीच न दाखवता फक्त प्लेटलेट कमी ठेवू शकतो. अशा कुत्र्याची दाढ काढली तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून आधी रक्त तपासणं, मग तारीख.

हिरडीचा रंगही बघायला शिका. सुळ्याच्या वर गुलाबी हिरडीवर बोट दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरडी कागदासारखी पांढरी, पिवळसर किंवा निळसर दिसली तर दातांचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मतः काळ्या-ठिपकेदार असतात, ते ठीक. पण काळा किंवा मांसल गोळा नव्यानं आला, वाढतो आहे, रक्त येतं, तर तपासून घ्या. तोंडातल्या गाठी हिरडीच्या सुजेसारख्या दिसतात आणि वेळ जातो.

उन्हाळ्याबद्दलही एक. एप्रिल-मेमध्ये स्केलिंग करायचं असेल तर सकाळची पहिली वेळ मागा. भुलेनंतर काही तास शरीराला स्वतःचं तापमान सांभाळता येत नाही. स्पिट्झच्या अंगावर दाट केस, बाहेर ४४-४५ अंश, आणि दुपारी दोनला तापलेल्या गाडीतून मानेवाड्यापर्यंत आणणं योग्य नाही. पूर्ण शुद्धीवर येऊन, डोकं धरून, स्वतः चालेपर्यंत क्लिनिकमध्येच राहू द्या. गाडी आधी थंड करा.

---

रोज_रात्री_ब्रश

घरच्या भागाचं मी सांगते. पण क्रम लक्षात ठेवा : आधी डॉक्टरांकडून साफ करून घेणं, मग ब्रश. आत्ता ब्रश सुरू केलात तर दुखऱ्या डाव्या दाढेला लागेल, कुत्रा ब्रश आणि दुखणं यांची सांगड घालेल आणि पुढची दहा वर्षं तोंड उघडू देणार नाही. शिवाय कडक झालेलं किटण ब्रशनं निघतच नाही. ब्रश फक्त मऊ प्लाक काढतो.

सामान : लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा, अतिमऊ ब्रश. ८ किलोच्या कुत्र्याला तोच उत्तम. बोटात घालायचा रबरी ब्रश सवय लावायला बरा, पण त्याचे दाते जाड असतात, हिरडीच्या काठात शिरत नाहीत, आणि तुमचं बोट दाढांमध्ये राहतं. पेस्ट कुत्र्यांचीच, वाटाण्याएवढी, ब्रशच्या केसांत दाबून बसवलेली. वरवर ठेवली तर तो चाटून मोकळा होतो. माणसांची पेस्ट नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. त्यात फ्लोराइड असतं, फेस आणणारे घटक असतात आणि काहींमध्ये झायलिटॉल. झायलिटॉलनं कुत्र्याच्या शरीरात इन्सुलिन एकदम सुटतं आणि साखर कोसळते, अनेकदा तासाभरात. दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅमही त्यासाठी पुरतं, म्हणजे तुमच्या स्पिट्झला एक ग्रॅमच्या आत. जास्त गेलं तर यकृत निकामी होतं. शुगरफ्री च्युइंगगम आणि काही माउथवॉशमध्येही ते असतं. घरात डबी उघडी ठेवू नका.

सवय लावायला दोन-तीन आठवडे द्या. पहिले चार-पाच दिवस फक्त ओठ उचलायचा, एक सेकंद, लगेच खाऊ. पुढचे चार-पाच दिवस बोटाला सुती कापड गुंडाळून, कांदा-लसूण-मीठ नसलेल्या चिकनच्या पाण्यात बुडवून, सुळ्यावरून एकदा फिरवायचं. मग पेस्ट बोटावर चाटायला. मग ब्रश, आधी फक्त वरच्या सुळ्यांवर, कारण ते मोठे आणि धरायला सोपे. तिथून मागे दाढांकडे. पुढचे बारीक दात सगळ्यात शेवटी. बऱ्याच कुत्र्यांना तिथला स्पर्श सहन होत नाही आणि नवखे लोक नेमके तिथूनच सुरुवात करतात.

तोंड उघडायचं नाही. जबडा मिटलेला असू द्या, नाकावरून हात टाकून अंगठ्यानं गालाचा ओठ वर उचला. ब्रशचे केस हिरडीकडे ४५ अंशांत तिरपे, अर्धे दातावर अर्धे हिरडीच्या काठावर, छोटे गोल फिरवा. दाताच्या टोकाला घासून काही साधत नाही, काम काठावरच आहे. एका बाजूला ३० सेकंद पुरे. वरच्या दाढांच्या बाहेरच्या बाजूवर सगळ्यात जास्त भर द्या, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथेच उघडतात आणि किटण तिथेच सगळ्यात जास्त चढतं. आतली बाजू जीभ थोडीफार साफ ठेवते. पाण्यानं धुवायची गरज नाही.

वेळ रोज एकच ठेवा, रात्रीचं जेवण झाल्यावर. ब्रश झाला की लगेच फिरायला न्या किंवा आवडता खेळ घ्या. नागपूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी फिरून आलेलं कुत्रं अर्धा तास धापा टाकत असतं. तेव्हा ओठ धरू नका, श्वास अडतो आणि ते घाबरतं. पाणी पिऊन, फरशीवर पसरून, तोंड मिटल्यावर करा.

ब्रश तीन महिन्यांनी किंवा केस फाकले की बदला. घरात दोन कुत्री असतील तर दोघांचे वेगळे.

---

मानेवाड्याचा_स्पिट्झ

डोळ्याखाली दाबून बघितलं, सूज लागत नाही, पण डाव्या गालाला हात नेला की मान वळवतो. एक्स-रे असलेल्या ठिकाणी वेळ घेतो.

अजून विचारायचं : ब्रश एक दिवस आड केला तर चालतं का? हाडानं दात साफ होतात असं सगळेच म्हणतात, त्यात कितपत तथ्य? आणि आईचं म्हणणं आहे की मीठ-हळद किंवा मंजन लावावं, बेकिंग सोडाही कोणी सुचवला.

---

रोज_रात्री_ब्रश

एक दिवस आड म्हणजे सुमारे ४८ तास, आणि प्लाक कडक व्हायला तेवढाच वेळ लागतो. म्हणजे तुम्ही पोचेपर्यंत काही भाग दगड झालेला असतो. हिरडी निरोगी असेल तर दिवसाआड करूनही बरंच साधतं. पण एकदा सूज येऊन गेलेली हिरडी टिकवायची तर रोजच. आठवड्यातून एकदा केलेला ब्रश जवळजवळ वाया जातो.

---

हाड_नको

हाडाचं मी घेतो, कारण यात दोन वेगवेगळे धोके एकत्र सांगितले जातात.

शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याच्या काटेरी किरच्या होतात. त्या टाळूला, घशाला, आतड्याला टोचतात किंवा गुदद्वाराशी अडकतात. तुम्ही देता ते उकडलेलं हाड याच प्रकारात येतं. सावजीच्या रश्श्यातलं असेल तर सोबत तिखट, मीठ, कांदा-लसूणही जातो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चं हाड किरच्या कमी करतं, पण तेही दात तडकेल इतकं कडक असतं. वरच्या त्याच मोठ्या दाढेची बाहेरची फळी सपकन सुटते. ही तडक कुत्र्यांत फार सापडते. तुमच्या स्पिट्झची डावी दाढ आठवड्याच्या हाडानं तडकलेली निघाली तर मला नवल वाटणार नाही. किटणाखाली तडक दिसत नाही, म्हणून साफ केल्यावर डॉक्टरांना तिकडे मुद्दाम बघायला सांगा. तडकलेल्या जागी मध्ये काळा किंवा लाल ठिपका असेल तर आतली नस उघडी पडली आहे. तेव्हा रूट कॅनाल किंवा दात काढणं, हे दोनच मार्ग. 'बघू काही दिवस' हा तिसरा मार्ग नाही. उलट हळूहळू झिजलेल्या दाताच्या मध्ये तपकिरी, गुळगुळीत, कडक ठिपका असेल तर तो दातानं स्वतः भरून काढलेला भाग असतो, तिथे घाई नाही.

हाड दात थोडे साफ करतं हे खोटं नाही. ते करतं दाढेच्या टोकाला आणि मधल्या भागाला, आणि आजार असतो हिरडीच्या काठाखाली.

चघळायला काय द्यावं याची साधी कसोटी : वस्तूवर अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटली तर ठीक. नाही उमटली तर ती दातासाठी कडक. या कसोटीत हरणाचं शिंग, खूर, याकच्या दुधाची वाळवलेली कांडी आणि कडक नायलॉनची बरीच खेळणी नापास होतात. उन्हाळ्यात बरेच जण बर्फाचे मोठे खडे चावायला टाकतात, तेही नकोत. त्यापेक्षा पोकळ रबरी खेळण्यात बिनसाखरेचं दही भरून गोठवा, चाटून थंडावाही मिळतो. टेनिस बॉल फेकायला ठीक, तासन्‌तास चावायला नाही. त्याच्या लवेत धूळ-वाळू बसते आणि ते सँडपेपरसारखं दात झिजवतं. गाजर द्या, पण त्याला ब्रशचा पर्याय समजू नका.

दातांसाठीच्या कांड्या घ्यायच्या असतील तर पाकिटावर व्हीओएचसीचा शिक्का बघा. पशुवैद्यकीय मुखस्वास्थ्य परिषद चाचण्यांचे निष्कर्ष तपासून तो देते. शिक्का नसलेल्यांत चांगल्या नसतीलच असं नाही, पण नुसत्या 'डेंटल' शब्दाला काही अर्थ नाही. वजनाप्रमाणे आकार घ्या. लहान आकाराची घेतली तर सबंध गिळतो. आणि कांडीतल्या कॅलरी जेवणातून वजा करा, ८ किलोचं कुत्रं लवकर जाड होतं.

पोळी-दुधाबद्दल : दोष साखरेचा नसून मऊपणाचा आणि चिकटपणाचा आहे. पण साधे कोरडे दाणे सुरू केले म्हणून दात साफ होतील असंही नाही. दाताचं टोक लागताच दाणा फुटतो, काठापर्यंत घासतच नाही. दातांसाठी बनवलेले मोठे, तंतुमय दाणे वेगळे असतात.

आता आईंच्या सूचना. मीठ गिळलं जातं, रोज नको. बेकिंग सोड्यात सोडियम भरपूर, तोही पोटातच जातो, आणि फायदा काही नाही. दाणेदार मंजन दाताचं आवरण घासून काढतं. आणि घरात मशेरी असेल तर ती चुकूनही नाही : भाजलेला तंबाखू तो, त्यातलं निकोटिन कुत्र्याला विषारी आहे. लवंगेचं तेल हिरडी भाजतं. हळद पिवळं करण्यापलीकडे किटणाला काही करत नाही. खोबरेल तेल थोडं पोटात गेलं तर अपाय नाही, पण त्यानं किटण सुटत नाही. आईंना एवढंच सांगा की यातलं काहीही हिरडीच्या खाली पोचत नाही.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक देऊ नका. नेहमीच्या मात्रेतही पोटात व्रण, मूत्रपिंड-यकृताला इजा होते. उरलेली अँटिबायोटिकही नाही. वास चार दिवस जातो आणि तडकलेली दाढ तशीच राहते.

---

बेसा_फाटा

धागा चाललाच आहे तर दोन छोटे प्रश्न. पॉमेरेनियनचं पिल्लू साडेसहा महिन्यांचं, वरचे दोन्ही सुळे दुहेरी आहेत, जुना बारीक आणि नवा जाड शेजारी-शेजारी. आपोआप पडतील का? आणि गल्लीतून आणलेली गावठी कुत्री, दीड वर्षाची, जवळजवळ सगळ्याच दातांवर तपकिरी खड्डे. एवढ्या लहान वयात किटण?

---

दाढ_आणि_सुळे

पिल्लाचे : दुधाचे दात २८, कायमचे ४२. चौथ्या महिन्यापासून बदल सुरू होतो आणि सातव्यापर्यंत आटपतो. एका जागी एकाच जातीचे दोन दात एकाच वेळी असू नयेत, हा नियम. साडेसहा महिन्यांत नवा सुळा बाहेर येऊन जुना हलतही नसेल तर आता तो पडेल याची वाट बघू नका. दोघांमध्ये अन्न अडकतं, हिरडी लवकर बिघडते, आणि नवा सुळा चुकीच्या जागी सरकतो. पॉमेरेनियनमध्ये हे नेहमीचं. डॉक्टर भुलेखाली काढतात, नसबंदी जवळ आली असेल तर दोन्ही एकदम करता येतं. घरी पक्कडीनं किंवा दोऱ्यानं ओढू नका. दुधाच्या सुळ्याचं मूळ लांब, बारीक आणि वाकडं असतं, आत तुटतं आणि कायमच्या सुळ्याला इजा होते.

गावठीचे : नख फिरवून बघा. किटण हिरडीलगत उंचवट्यासारखं लागतं. तुम्ही खड्डे म्हणता, म्हणजे दाताचं आवरणच तयार झालेलं नाही. पिल्लूपणी, कायमचे दात हाडात बनत असताना डिस्टेंपर किंवा तसाच जोराचा ताप येऊन वाचलेल्या कुत्र्यांत असे दात दिसतात. ते खरवडून कधीच पांढरे होत नाहीत. उघडा भाग संवेदनशील असतो आणि खडबडीत जागी प्लाक लवकर चिकटतो, म्हणून तिला ब्रश सगळ्यांत आधी, आणि चघळायला फक्त मऊ रबर. दाढांवर मोठे खड्डे असतील तर एक्स-रे काढून घ्या. गल्लीतून आणलेली आहे म्हणून आणखी एक : तोंडात किंवा नाकाशी कोबीच्या फुलासारखा, लगेच रक्त येणारा गोळा दिसला तर संसर्गजन्य लैंगिक गाठ तोंडातही होते. ती इंजेक्शनांच्या उपचाराला सहसा चांगली दाद देते, फक्त ओळखायला हवी.

---

मानेवाड्याचा_स्पिट्झ

शेवटचं. दाढ काढावीच लागली तर एवढ्या मोठ्या दाढेशिवाय खाईल कसा? आणि ब्रश कधीपासून?

---

रोज_रात्री_ब्रश

खाईल. दुखरी दाढ ठेवण्यापेक्षा ती नसलेलं कुत्रं जास्त नीट खातं. तीन मुळांची दाढ काढताना ती तीन तुकड्यांत कापून एकेक मूळ बाहेर काढतात, जागा बधिर करणारं इंजेक्शन देतात, वर हिरडी ओढून विरघळणारे टाके घालतात. सगळी मुळं निघाली का, यासाठी नंतरचा एक्स-रे मागा. राहिलेला तुकडा वर्षभरानंही पू करतो.

पहिले १० ते १४ दिवस मऊ खाणं : भात-चिकन नीट कुस्करून, किंवा दाणे कोमट पाण्यात भिजवून. खेळणी, ओढाओढी, चघळायचं काही नाही. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलं, सांगितलेल्या दिवसांपर्यंत पूर्ण. लाळेत गुलाबी छटा एक-दोन दिवस दिसते, ठिबकणारं लाल रक्त दिसलं तर फोन करा. दोन दिवसांनंतर वास उलट वाढला, नाकातून पाणी किंवा रक्त आलं, किंवा जेवण सोडलं तर टाके उसवलेले असू शकतात.

टाक्यांच्या बाजूला दोन आठवडे ब्रश नाही. दुसऱ्या बाजूला आठवड्याभरानं ओठ उचलायच्या सरावापासून सुरुवात करा. या मधल्या काळात डॉक्टरांनी ०.१२ टक्क्यांचं क्लोरहेक्सिडिन दिलं तर हिरडीच्या काठाला लावा. चवीला कडू असतं, तरी लावल्यावर लगेच खाऊ नको, अर्ध्या तासानं द्या. पुढे पेस्ट सुरू झाल्यावरही दोन्हींत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा, पेस्टमधल्या काही घटकांनी त्याचा जोर जातो. महिनोन्‌महिने वापरू नका, दातांवर तपकिरी डाग पडतात आणि तुम्हाला वाटेल किटण परत आलं.

साफ केल्याच्या दिवशीच डॉक्टरांना दोन्ही बाजूंच्या दाढांचे फोटो मागून ठेवा. दर महिन्याच्या एकाच तारखेला, खिडकीच्या उजेडात, ओठ उचलून तसाच फोटो काढा. हिरडीच्या काठाला लाल रेघ फोटोत डोळ्यांच्या आधी दिसते.